नको म्हटलेल्या जागा

"म्हणजे तुझे वडील आणि हे नाणं, सारखंच की," कुंडलिक सर म्हणाले आणि मी हसले. हसायला नको होतं असं त्या क्षणी वाटलंसुद्धा नाही. सरांच्या बोलण्यात कुजकेपणा नव्हता. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला सरळ माणूस, आकडे जुळले की पोरासारखा खूश होणारा. टेबलावर रुपयाचं नाणं होतं, संगणकाच्या पडद्यावर छापील ताऱ्यांच्या खुणांचे दोन डोंगर होते, एकावर एक ठेवले तर कड जुळेल इतके सारखे, आणि त्यातला एक डोंगर माझ्या बापाचा होता. वाशिंदच्या आमच्या कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनतात. तपासणी खात्यात आकडे भरायचं काम माझं, आणि सर त्या खात्याचे प्रमुख. ते हसले, मी हसले, मग चहा आला आणि आम्ही झाकणांकडे वळलो. संध्याकाळी आटगावला उतरून पाड्याची पाऊलवाट धरली, तेव्हा ते हसू अजून तोंडातच आहे असं जाणवलं, दातात सुपारीचं खांड अडकून राहावं तसं. जिभेने कितीदा काढायला गेले, निघेना. दोन हजार चारचा मार्च चालू होता. पाड्यावर बोअर मंजूर झाल्याला आठवडा झाला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जागा ठरवायला सगळे जमणार होते.

हे सगळं झाकणांपासून सुरू झालं. प्रत्येक मशीनची वीस झाकणं रोज तपासायची, खराब किती ते लिहायचं, एवढंच माझं काम. सरांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. विसात दोन खराब निघाली, तर मशीन बिघडलं की नशीब बिघडलं? त्यांनी माझ्यासमोर एक जुना संगणक आणून ठेवला, बेसिक ही संगणकाची भाषा शिकवली आणि म्हणाले, पुस्तक वाचून हे डोक्यात शिरत नाही, हाताने लिही. पुरावा येईल तसा अंदाज बदलायचा जो हिशोब, त्याला बेजचा नियम म्हणतात. मला तो नियम म्हणून कधीच समजला नाही, कप्पे म्हणून समजला. शंभरातली किती झाकणं चांगली? शून्यापासून शंभरपर्यंत एकशे एक उत्तरं होऊ शकतात. प्रत्येक उत्तराला एक कप्पा, आणि कप्प्यात त्या उत्तरावर आपला विश्वास किती तो आकडा. चांगलं झाकण आलं की ऐंशीच्या कप्प्याला ऐंशी शतांशाने गुणायचं, नव्वदच्या कप्प्याला नव्वद शतांशाने. खराब आलं की ऐंशीच्या कप्प्याला वीस शतांशाने, नव्वदच्या कप्प्याला दहा शतांशाने. मग सगळ्या कप्प्यांची बेरीज करून प्रत्येकाला तिने भागायचं, म्हणजे विश्वासाची रास पुन्हा एक भरते. ज्या कप्प्यात विश्वास जास्त, त्याच्यावर पडद्यावर तारे जास्त. हे भागणं मी पहिल्यांदा विसरले. दहा झाकणांपर्यंत पडद्यावर तारे उमटले, पुढे पुढे ते झिजत गेले आणि तिसाव्या झाकणाला पडदा कोरा. सर शेजारी बसून शेंगदाणे खात होते. चूक त्यांना दिसत होती, पण त्यांनी दोन दिवस सांगितली नाही. ती माझी मला सापडली तेव्हा मला जो आनंद झाला, तसा बीएस्सीच्या निकालाने झाला नव्हता.

सर एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत. झाकण बघायच्या आधी तुझं मत काय आहे, ते मांड. मत नसलेला माणूस नसतो. मग माहिती येईल तसं ते हलव, पण ती सांगेल तेवढंच हलव. चार नंबरचं मशीन सहा वर्षांचं जुनं. त्याचे कप्पे सारखे भरू नकोस, म्हणाले, त्याने सहा वर्षं इमानाने काम केलंय. आज दोन झाकणं वाईट आली म्हणून त्याला चोर ठरवशील का? मी कपाटातून सहा वर्षांच्या वह्या काढल्या आणि मशीन चारचा सगळा इतिहास कप्प्यांत भरला. नव्या आलेल्या मशीन सातला मात्र सगळे कप्पे सारखे दिले. त्याची पाटी कोरी.

माझा बाबा, मंगळू, पाणाड्या आहे. आडव्या तळव्यावर नारळ निजवून ठेवतो आणि शेतात चालतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. आटगावपासून पार मुरबाडच्या धसईपर्यंत लोक त्याला बोलवायचे. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायची, नारळाची पिशवी माझ्याकडे. धसईच्या बाजाराच्या दिवशी लोक त्याला थांबवून विचारायचे, मंगळूदादा, आमच्याकडं कवा? मला गूळ-शेंगदाणे मिळायचे. पाड्यावर मात्र त्याला कुणी दादा म्हणत नसे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. चालताना मी नारळाकडे बघायची नाही, त्याच्या पायांकडे बघायची. तो वहाणा काढून चालायचा, सावकाश, मध्येच मागे येऊन तिथेच पुन्हा पाय ठेवायचा. नारळाचं काम शिकायच्या आधी चौदा वर्षं त्याने विहिरींत सुरुंगाची भोकं पाडली होती, हे मला माहीत होतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं कधी वाटलं नाही. आठवतं ते असं की एकदा रघू नावाच्या माणसाने आम्हाला धसईपलीकडच्या त्याच्या शेतावर नेलं. घरात भाकरीचा, सुकटीचा वास सुटला होता. बाबा अर्धा तास फिरला, मग नारळ पिशवीत टाकून म्हणाला, "हितं नको." रघूने पाणी दिलं, भाकर दिली नाही. आम्ही उपाशीपोटी एसटीची वाट बघत बसलो. मी रडत होते, आणि बाबा मला समजावत नव्हता, तो लांब त्या शेताकडे बघत होता.

बाबाला कप्प्यांत घालायची कल्पना माझीच. मला वाटलं सरांना दाखवू. खरं सांगायचं तर ऑफिसात मला नारळाची लाज वाटायची, आणि आकड्यांनी ती झाकली जाईल अशी आशा होती. बाबा हरखला. ओटीवर बसून विहिरी सांगायला लागला, कुठल्या गावची, कुणाची, किती हातांवर पाणी, सगळं सोयऱ्याधायऱ्यांसारखं तोंडपाठ. छत्तीस भरल्या. "यातल्या सहा कोरड्या गेल्या," तो न विचारता म्हणाला, "त्या पन लिव." मी सहा रविवार मुरबाड आणि शहापूरच्या एसट्यांतून फिरून त्यातल्या बहुतेक बघून आले. एकही खोटी नव्हती. सोमवारी सगळे कप्पे सारखे भरून मी छत्तीस विहिरी एकेक करून आत सोडल्या. ताऱ्यांचा डोंगर उजवीकडे सरकत गेला आणि त्र्याऐंशीवर थांबला. मी सरांना हाक मारली. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "छान. आणि वडील नव्हते तिथे?" मला कळलं नाही. "म्हणजे ज्यांनी पाणाड्या न बोलावता विहिरी काढल्या, त्यांना किती ठिकाणी लागलं?"

पुन्हा रविवार. त्याच गावांतल्या, भाताच्या खाचरांतल्या विहिरी, ज्या लोकांनी बापजाद्यांच्या सांगण्यावरून किंवा नुसत्या अंदाजाने काढल्या होत्या. एक्केचाळीस मिळाल्या, चौतीसना पाणी. भाग मांडून बघितला तर पुन्हा त्र्याऐंशीच्या आसपास. त्या फेरीत रघूही भेटला, आता म्हातारा. "तुझा बा नको बोल्ला तरी मी खनली," तो म्हणाला आणि मला ती दाखवली. चाळीस फूट दगड, तळाशी पाचोळा आणि एक मेलेला सरडा. मी वही उघडली आणि बंद केली. बाबाने होय म्हटलेली ही विहीर नव्हती, आणि त्याला न बोलावता काढलेलीही नव्हती. ती दोन्ही याद्यांत बसेना, म्हणून मी ती सोडून दिली. सरांना सांगितलीही नाही. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन डोंगर शेजारी शेजारी उभे राहिले, आणि सर नाणं बोटांत फिरवत म्हणाले ते म्हणाले. नाणं उडवून जागा ठरवली असती तरी इतकंच पाणी लागलं असतं. माझ्या बापाचं आयुष्य आणि एक रुपया. आणि मी हसले.

सकाळी शाळेपुढच्या माळावर सगळे जमले. भगीरथ पाणी कमिटीचा अध्यक्ष, त्याने शाळेजवळच दगड ठेवून जागा धरलेली. घरांच्या मधोमध. बायकांनाही तीच हवी होती, माझ्या आयला सगळ्यांत जास्त. तिचे गुडघे गेलेत. ओहोळातल्या झऱ्यावरून दोन हंडे घेऊन वर यायला तिला पाऊण तास लागतो, आणि मे महिन्यात झऱ्याशी वाटीने पाणी भरावं लागतं. पाऊस लागायच्या आधी तुझ्या दारात पाणी येईल, हे मी तिला कितीदा बोलून बसले होते. बाबा वहाणा काढून माळावर फिरला. नारळ तळव्यावर निजूनच राहिला. मग तो उतारावरून खाली गेला, झऱ्याच्या वाटेवर अर्ध्यात एक उंबर आहे तिथे बराच वेळ थांबला आणि वर येऊन म्हणाला, "हितं नको. उंबराशी काढा." एकदम गलका झाला. बाईजा म्हातारी म्हणाली, "अरं मंगळू, मंग बोअर कशाला पायजे? आर्धी वाट तर चालायचीच हाय." भगीरथ म्हणाला, "मंजुरी एकच हाय. पुन्यांदा नाय भेटायची." मग तो माझ्याकडे वळला. "अंजू, तू शिकल्याली हायस. इतके रविवार विहिरी मोजीत फिरलीस. तुझा काम्पुटर काय बोलतो?"

मी गप्प बसू शकले असते. कामाला जायचं होतं, वेळ झाली होती, तेवढं सांगून निघता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आय बघत होती, आणि डोक्यात ते दोन डोंगर इतके स्वच्छ होते. जे मी स्वतः हाताने लिहिलं, ज्यातली चूक दोन दिवस शोधून मीच काढली, ते खोटं कसं असेल? मी म्हणाले, "नारळानं काय फरक पडत नाय. मी मोजलंय. बाबानं सांगितलं तरी शंभरात त्र्याऐंशी, नाय सांगितलं तरी त्र्याऐंशी. आपल्याला सोयीची जागा बघा." कुणीतरी पोरगं खिदळलं. बाबा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. वर्गात धडा समजला नाही की पोर जसं बघतं, तसं त्याने बघितलं. मग नारळ भगीरथच्या हातात दिला आणि म्हणाला, "ह्यो घे. फोडायला लागल तुमाला." तो वहाणा हातात घेऊनच घरी गेला, आणि मी आटगावची वाट धरली.

बोअरची गाडी आठ एप्रिलला आली. मी रजा घेतली होती, कशासाठी ते मला विचारू नका. भगीरथने हळदकुंकू वाहिलं आणि तोच नारळ गाडीच्या पुढच्या चाकाजवळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं, मलाही दिलं. ते गोड होतं. पन्नास फुटांपर्यंत तांबडी माती आली, पोरं नाचली. मग कोरड्या दगडाची करडी धूळ यायला लागली, ती थांबेचना. कौलांवर, झाडांवर, आयच्या केसांवर धूळ बसली. शंभर फूट, दीडशे. गाडीवाला माणूस दर वीस फुटांनी हातात भुगा घेऊन बोटांनी चोळायचा आणि टाकून द्यायचा. मंजुरी दोनशे फुटांची. दोनशेला मशीन बंद झालं, तेव्हा कानांत इतकी शांतता झाली की बाईजाचं "गेली" एवढंच सगळ्या माळाला ऐकू आलं. मला कुणी बोललं नाही. माणसांना बोलायचं असतं आणि ती बोलत नाहीत, तेव्हा ती घरी जायची घाई करतात. भगीरथने पाइपाला लोखंडी झाकण बसवून घेतलं. आय पदराने तोंड पुसत म्हणाली, "चल, हंडे घासायचेत." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी करून बसले होते, फक्त अवलक्षण माझ्या एकटीच्या वाट्याला आलं नव्हतं.

ऑफिसात मी सरांना सगळं सांगितलं, रघूची विहीरही. त्यांनी शेंगदाणे बाजूला ठेवले. "ही यादी भाताच्या खाचरांतली, पाणी धरणाऱ्या जमिनीतली," ते म्हणाले, "आणि बोअर माळावर. मी तेव्हाच विचारायला हवं होतं." मग म्हणाले, "आणि ते नको कुठे म्हणाले ते आपण मोजलंच नाही." त्यांना वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं दुपारच्या डब्यापर्यंतचं होतं, त्यांना दोष नाही. मी संगणक चालू केला. पडद्यावर मशीन चारचे कप्पे उघडलेले होते, सहा वर्षांच्या इतिहासाने भरलेले, मधले फुगलेले, कडेचे जवळजवळ रिकामे. त्याच्याखाली बाबाचे. पहिल्या ओळीत मीच लिहिलेलं होतं, सगळे कप्पे सारखे. पिशवी धरून त्याच्यामागे मी किती वर्षं चालले होते, त्याचे पाय बघितले होते, रघूच्या दारातून उपाशी परत आले होते. झाकणं पाडणाऱ्या लोखंडाला मी सहा वर्षं दिली आणि बापाला कोरी पाटी. मला रडू आलं, आणि मी शिपायाला सांगितलं की डोळ्यांत धूळ गेलीय. ते अगदीच खोटं नव्हतं.

घरी बाबा ओटीवर दोर वळत बसला होता. बोअर मारली त्या दिवशी तो माळावर आला नव्हता. मी शेजारी बसले तसा म्हणाला, "लिवलीस काय?"

"काय?"

"आपली बोअर. कोरडी गेली ती. लिव."

"ती तुझी नाय, बाबा. तू नको बोललावतास."

"मंग 'नको'त लिव."

मी सांगितलं की नकोची नवी यादी केलीय. त्यात रघूची विहीर आणि आपली बोअर, दोन. दोन्ही कोरड्या. संगणक म्हणतो, तू नको म्हणशील त्या शंभरातल्या पंचाहत्तर कोरड्या निघतील, पण दोनच असल्याने त्याची खात्री नाही, डोंगर इतका पसरट आहे की त्यावर गुरं चरावीत. हे मी त्याला समजेल असं सांगितलं आणि त्याला समजलं. तो दोर खाली ठेवून बोटांवर मोजायला लागला. "दोन कशा गो? धसईच्या सावळीबाईचं वरलं शेत. टेकडीखालची हलकी वरकस जिमीन. तळ्यामागची खडी जागा." दोन्ही हातांची बोटं संपली तरी तो थांबला नाही. "लय हायेत. इतक्या ठिकानी नको बोललोय."

"तिथं पुढं काय झालं?"

"काय व्हनार? मी नको बोललो तर कोन खनल?"

"मग तिथं पाणी होतं की नव्हतं, कसं कळायचं?"

तो हसला. माझ्यासारखा नाही, चांगला हसला. "तुला नाय कळायचं. मला तरी कुठं कळतं? मी नको बोलतो नि घरी येतो." दोर पुन्हा हातात घेतला. मी विचारलं, नारळ खरंच उभा राहतो का. त्याने दोराला एक पीळ दिला. "नारळ पन सांगतो, पाय पन सांगतात. आधी कोन सांगतो, ते नाय म्हाईत." मला माफी मागायची होती, आमच्यात तसं कुणी मागत नाही. मी म्हणाले, "बाबा, मी चुकले." तो म्हणाला, "तुझ्या आयच्यासाठी बोल्लीस, मला काय समजत नाय काय?" हे अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं, त्या हसण्याचं, मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

दुसरी मंजुरी आली नाही. मे महिन्यात मी सकाळी कामावर जायच्या आधी आयबरोबर झऱ्यावर जाते. शाळेपुढच्या लोखंडी झाकणावर पोरांनी दगड रचलेत, आम्ही बाजूने जातो, आय तिकडे बघत नाही. परवा उतारावर तिचा गुडघा धरला आणि ती उंबराच्या मुळीवर टेकली. रिकामा हंडा तिने मांडीवर घेतला. उंबराखालची माती वैशाखातही काळसर असते, पायांना गार लागते. मी वहाणा काढून बघितलं होतं. "हितं काढली असती ना," आय म्हणाली, "तर आपन हितूनच मागारी फिरलो असतो." ती मला टोचून बोलत नव्हती, गुडघा दाबत नुसती वाट मोजत होती. मग ती माझ्या खांद्याला धरून उठली आणि आम्ही उरलेली अर्धी वाट उतरायला लागलो.